हजार फोन आणि किल्लारी

राज्याच्या एखाद्या धोरणावर टेलिफोनवरून लोकांचा कौल घेतला जातो आणि ‘महाराष्ट्राला काय वाटते’ अशा मथळ्याखाली आकडे छापले जातात. अशा वेळी आम्हांला एकच शंका येते : ह्या महाराष्ट्रात किल्लारीचे किती जण होते ?

हिशेब वर्गात फळ्यावर मांडता येईल. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख, लातूर जिल्ह्याची २४ लाख ५४ हजार. राज्यातून १००० माणसे निवडली तर लातूरच्या वाट्याला २२ येतात. नमुन्यातील संभाव्य चूक ढोबळमानाने १ भागिले नमुनासंख्येचे वर्गमूळ एवढी असते. हजारांसाठी ३ टक्के, बाविसांसाठी २१ टक्के. राज्याचा आकडा बरा, जिल्ह्याचा जवळजवळ निरुपयोगी. किल्लारीचा तर एकही माणूस न येण्याचीच शक्यता अधिक.

ही चूक नमुना वाढवला की घटते. दुसरी घटत नाही. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ने टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदी पाहून सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. भाकीत निघाले लँडन यांच्या विजयाचे. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. मंदीच्या त्या दिवसांत ज्यांच्या घरी फोन नव्हता, ते यादीतच नव्हते. आज फोन घरोघर पोहोचला, हे खरे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. घरातला फोन उचलतो कोण, हा प्रश्न उरतोच.

टेलिफोनची पद्धत स्वस्त आणि झटपट आहे. २०२० च्या टाळेबंदीत तिने चांगले काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप आहे तो प्रश्नांना.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे कोसळून लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. ‘भूकंपग्रस्तांना सुरक्षित जागी हलवावे का ?’ असे मुंबईत कोणाला विचारले असते, तर नाही कोण म्हणाले असते ? त्या उत्तराची त्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही. ‘शेत लांब पडले, बैल बांधायला जागा उरली नाही, तरी हलवावे का ?’ हा प्रश्न वेगळा, आणि तो किल्लारीकराचा. शिवाय ढिगाऱ्याजवळ बसून दिलेले उत्तर आणि पुढच्या पेरणीला दिलेले उत्तर, दोन्ही प्रामाणिक असून निराळी असू शकतात. ‘हो’, ‘नाही’, ‘सांगता येत नाही’ एवढ्या तीन खणांत ते बसत नाही.

शिक्षकांनी हे करून पाहावे. अर्ध्या वर्गाने पहिला प्रश्न घरोघर विचारावा, अर्ध्याने दुसरा. मग तोच प्रश्न सकाळी अकरा वाजता फोनवरून. वहीत ‘उत्तर कोणी दिले’ हा रकाना मात्र आधीच आखून ठेवावा.