समुपदेशनातील ‘उपदेश’ : धूम्रपानत्याग व दूरध्वनी-साहाय्य

‘कौन्सेलिंग’साठी मराठीत ‘समुपदेशन’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. ह्या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ आहे. आणि धूम्रपान सोडू पाहणाऱ्यास दूरध्वनीवरून मिळणाऱ्या साहाय्याचे स्वरूप समजून घेताना तोच प्रथम आड येतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यास तिचे दुष्परिणाम ठाऊक नसतात असे क्वचितच घडते. उपदेश त्याला घरी, कचेरीत, दवाखान्यात भरपूर मिळालेला असतो. त्यात आणखी एका उपदेशकाची भर पडून काय साधणार, हा आक्षेप म्हणूनच विचारात घेतला पाहिजे.

ह्या आक्षेपाचे उत्तर कार्यपद्धतीतच सापडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९२ साली धूम्रपान करणाऱ्यांसाठी राज्यव्यापी दूरध्वनी-सेवा सुरू केली. तेथे शू-हाँग झू व त्यांचे सहकारी ह्यांनी संभाषणांचा क्रम एका साध्या निरीक्षणावर बसविला. व्यसन सोडणारा पुन्हा त्याकडे वळतो तो बहुधा पहिल्या काही दिवसांतच. म्हणून साहाय्यही त्याच दिवसांत दाट असावे. सोडण्याची तारीख त्या व्यक्तीने ठरवावयाची, आणि तिच्यानंतर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व तिसाव्या दिवशी समुपदेशकाने स्वतः दूरध्वनी करावयाचा, अशी ही योजना होती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३,०३० व्यक्ती होत्या. ज्यांनी सोडण्याचा प्रयत्न केला त्यांपैकी वर्षभर अलिप्त राहिलेल्यांचे प्रमाण केवळ पुस्तिका मिळालेल्यांत १४.७ टक्के, एक संभाषण लाभलेल्यांत १९.८ टक्के आणि अनेक संभाषणे लाभलेल्यांत २६.७ टक्के असे आढळले.

ह्या चढत्या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. उपकारक ठरला तो केवळ माहितीचा साठा म्हणावा, तर पुस्तिका तिघांनाही मिळाली होती. फरक पडला तो ठरल्या दिवशी कोणी तरी विचारपूस करणार आहे, ह्या अपेक्षेने व त्या विचारपुशीने. तिसऱ्या दिवशी चहानंतर तल्लफ आली तेव्हा काय केले, हा प्रश्न उपदेशाच्या जातीचा नाही. त्याचे उत्तर सोडणाऱ्यालाच शोधावे लागते.

यशाचे माप मात्र फुगवून सांगू नये. २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेत १०४ परीक्षणे एकत्र विचारात घेतली गेली. साहाय्य-क्रमांकावर स्वतः संपर्क साधणाऱ्यांत, जेथे शंभरांतील सुमारे सात जण सोडू शकतात, तेथे वारंवारच्या संभाषणांमुळे सुमारे दहा जण सोडतात, असा तिचा निष्कर्ष आहे. शंभरांमागे तीन ही संख्या लहान खरी; परंतु ज्या साधनास ना मोठी इमारत लागते, ना रुग्णाचा प्रवास, त्याच्या दृष्टीने ती उपेक्षणीय ठरत नाही.

भारतात राष्ट्रीय सेवा २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. पुढे मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्रही तीत सामील झाले. १ सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या वेष्टनांवर तिचा क्रमांक छापणे बंधनकारक झाले. क्रमांकाबरोबरचा मजकूर ‘आजच सोडा’ अशा अर्थाचा आहे. येथेच विसंगती उघड होते. वेष्टन आज्ञा करते. त्यामागील सेवा मात्र ‘केव्हा सोडणार?’ असे विचारते. आज्ञेला भिऊन क्रमांक न फिरविणारा मनुष्य त्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय सुटी विडी वा सिगारेट घेणाऱ्याच्या हाती वेष्टनच येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२० साली सुट्या विक्रीवर बंदी घातली, तिचे महत्त्व ह्या दृष्टीनेही आहे.

महाराष्ट्रापुरती आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार येथील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के होते. उपरोक्त समीक्षेचा विषय धूम्रपान हा आहे; तिचे निष्कर्ष चुना-तंबाखू मळणाऱ्या शेतमजुरास वा मिशरी लावणाऱ्या गृहिणीस जसेच्या तसे लागू करणे शास्त्रीय ठरणार नाही. चहानंतरच्या सिगारेटीविषयी विचारावयाचे प्रश्न वेगळे, आणि पहाटे चुलीपाशी लावलेल्या मिशरीविषयीचे वेगळे. मात्र त्या गृहिणीच्या बाबतीत दूरध्वनीचा एक गुण विशेष मोलाचा ठरू शकतो : समोरच्यास चेहरा दिसत नाही, त्यामुळे संकोच कमी होतो. अर्थात घरात दूरध्वनी एकच व तो दुसऱ्याच्या हाती असेल, तर हा गुणही निरुपयोगी होतो.

तात्पर्य, ह्या सेवेचे मूल्यमापन किती जणांनी क्रमांक फिरविला एवढ्यावर करणे अपुरे आहे. सेवेने किती जणांना, ठरल्या दिवशी, त्यांच्या बोलीत, परत दूरध्वनी केला, ही खरी कसोटी होय. ‘समुपदेशन’ ही संज्ञा बदलावी की राखावी, हा वाद भाषाशास्त्रज्ञांनी खुशाल करावा. तीतील ‘उपदेश’ व्यवहारातून वगळणे मात्र समुपदेशकाच्याच हाती आहे.