निळा शेणकिडा

ऐन दिवाळीत शेणकिड्याचे कौतुक कसले, असे कुणी म्हणेल. पण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये किंवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जे प्राचीन इजिप्शियन ताईत आहेत, त्यांत या क्षुद्र जिवाचा मान मोठा आहे. शेणाची गोळी लोटीत नेणारा किडा त्या लोकांनी पाहिला, आणि त्यांना त्यात सूर्यबिंब लोटणारा खेपरी देव दिसला. गोळीतून नवा किडा आपोआप उपजतो, अशी त्यांची समजूत. वास्तविक मादी जमिनीखालच्या गोळ्यात अंडे घालते. फाब्र या फ्रेंच निरीक्षकाने ते सारे बारकाईने लिहून ठेवले आहे. (तोही आमच्यासारखा मास्तरच!) पण त्यामुळे मूळची कल्पना फिकी पडत नाही. ‘उपजणे’ हा शब्द लिहायला त्यांनी याच किड्याचे चित्र वापरले.

फायन्स म्हणजे चिनी माती नव्हे. दळलेली गारगोटी, थोडा चुना, क्षार आणि तांब्याचा अंश, एवढाच मसाला. एका रीतीत तर झिलई वरून फासावीच लागत नाही. लगदा वाळताना क्षार पृष्ठभागावर फुलून येतो आणि भट्टीत त्याचीच निळी काच होते. तेज आतून उपजते! विषय आणि द्रव्य यांचा असा मेळ फार थोड्या कलाकृतींत साधतो.

कारागिरी मात्र सरसकट थोर नाही. पुष्कळसे ताईत साच्यातले. पाय म्हणजे नुसत्या खाचा. तिसऱ्या आमेनहोतेप राजाने तर दगडी किड्यांच्या पोटावर, दहा वर्षांत आपण १०२ सिंह मारल्याचे कोरवून घेतले. तिथे किड्याचे जाहिरातपत्रक झाले.

खरा कस लागतो तो मृताच्या छातीवर ठेवायच्या ‘हृदय-किड्या’त. हे बहुधा हिरव्या दगडाचे, क्वचित फायन्सचेही. परलोकी न्यायसभेत हृदय पिसाशी तोलले जाई. म्हणून किड्याच्या पोटावर मंत्र कोरीत: हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. जन्मभराच्या साक्षीदाराला गप्प करण्याची ही धडपड! हिला भक्ती म्हणावे की लबाडी? मला तरी ती भीती वाटते, आणि तिच्यामुळेच ही वस्तू मला जवळची वाटते.

संग्रहालयवाल्यांविषयी एकच तक्रार. कपाटात किडा पुष्कळदा पाठ वर करून मांडतात. गुळगुळीत पाठ पाहून लोक पुढे सरकतात, आणि ती विनवणी खाली दबलेली राहते.