यशोदा आणि मेरी

समृद्धी पोरे यांच्या 'मला आई व्हायचंय!' (२०११) या चित्रपटाला राष्ट्रीय पारितोषिक लाभले. परदेशी मेरीसाठी खेड्यातली यशोदा गर्भ वाढवते. मूल व्यंग घेऊन येणार असे कळताच मेरी निघून जाते. यशोदेचे वात्सल्य उर्मिला कानिटकरांनी उत्तम रंगविले आहे. पण मेरीचे काय? अपत्यासाठी सातासमुद्रापार येणारी ही बाई फार स्वस्तात खलनायिका झाली, असे मला वाटते. आमच्या भोर-वेल्ह्याकडे मेंगाईची ओटी भरणाऱ्या, झाडपाला उकळून पिणाऱ्या, पुण्याच्या डॉक्टरांकडे हेलपाटे घालणाऱ्या सुना मी पाहतो. (नवऱ्याची तपासणी मात्र सर्वांत शेवटी!) २०२१ च्या कायद्याने पैसे घेऊन गर्भ वाढविण्यास बंदी आली, ओढ थोडीच थांबली? यातल्या एखादीने हा चित्रपट पाहिला, तर यशोदेसाठी ती रडेल. पण तिचे स्वतःचे दुःख त्यात कुठे आहे?