परिचारिकांच्या सातत्यशिक्षणातील भाषाव्यवहार : एक समीक्षण

परिचर्येचे शिक्षण पदविका अथवा पदवी हाती पडली की संपते, अशी समजूत आता कोणी बाळगत नाही. औषधे बदलतात, उपकरणे बदलतात, जंतूंचे स्वभावही बदलतात. तेव्हा रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहणाऱ्याने शिकत राहिले पाहिजे, हे सर्वमान्य आहे. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी व्हावे आणि तेवढ्या अवधीत १५० तासांचे सेवांतर्गत शिक्षण झालेले असावे, असा दंडक भारतीय परिचर्या परिषदेने घातला, तो याच विचाराने. २०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसूतिविद्या यांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्यामुळे या शिक्षणाची चौकट नव्याने पाहण्याची वेळ आली आहे. अशा वेळी भाषेच्या अभ्यासकाने एक प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरू नये. या तासांत जे शिकवले जाते ते कोणत्या भाषेत शिकवले जाते, आणि शिकणारीला ते कोणत्या भाषेत वापरावयाचे असते?

महाराष्ट्रापुरते या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. व्याख्यान बहुधा इंग्रजीत किंवा इंग्रजी संज्ञांनी भरलेल्या मिश्र भाषेत होते. सोबत मराठी पुस्तिका दिली असेल तर ती शासकीय मराठीत असते. आणि वॉर्डात परतल्यावर सिस्टरला बोलावयाचे असते ते आजीशी, बाळंतिणीशी, तिच्या सासूशी. या तीन भाषांमधील अंतर ओलांडण्याचे काम शिकणारीवर सोपवलेले असते आणि त्याचे शिक्षण कोणीच देत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच की, आपल्या सातत्यशिक्षणात उणीव आहे ती संज्ञांची नव्हे, वाक्यांची.

१. परिभाषा आणि वाक्य

हा विषय निघाला की चर्चा लगेच परिभाषेकडे वळते. त्या क्षेत्रात झालेले काम कमी लेखण्याचे कारण नाही. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. परंतु ‘अपरा’ हा शब्द पुस्तिकेत घातल्याने ‘वार’ म्हणणाऱ्या बाईशी बोलणे सोपे होत नाही. ‘श्वेतप्रदर’ लिहिल्याने ‘अंगावर पांढरं जातं’ असे खालच्या आवाजात सांगणारी स्त्री अधिक मोकळी होत नाही. जेथे गरज होती तेथे लोकांनी आपला शब्द आपणच घडवला आहे. गर्भनिरोधाचे तांब्याचे साधन आले आणि ‘तांबी’ हा शब्द गावोगाव रूढ झाला. त्यासाठी समिती नेमावी लागली नाही.

याउलट वाक्य आपोआप घडत नाही. पुस्तिकांत पुढील धाटणीचे वाक्य वारंवार आढळते : ‘नवजात अर्भकाच्या श्वसनगतीचे निरीक्षण करण्यात यावे व ती असामान्य आढळल्यास संदर्भ सेवा उपलब्ध करून देण्यात यावी.’ व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. पण त्यात कर्ता नाही. निरीक्षण कोणी करावयाचे, किती वेळ करावयाचे, असामान्य म्हणजे किती, हे त्यातून कळत नाही. शिवाय ‘संदर्भ’ या शब्दाचा सामान्य वाचकाला परिचित असलेला अर्थ ग्रंथातल्या संदर्भाचा आहे. मोठ्या दवाखान्यात पाठवणे हा अर्थ शासकीय व्यवहाराबाहेर कोणाला सुचणार नाही. हाच मजकूर असा लिहिता येतो : ‘बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. साठ किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच भरले, तर बाळाला लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवा.’ पहिल्या वाक्यात आदेश देणाऱ्याची जबाबदारी संपते. दुसऱ्या मजकुरात काम करणारीची कृती सुरू होते. ‘करण्यात यावे’ ही रचना कचेरीच्या टिपणीत शोभत असेल. पाळण्याजवळ ती निरुपयोगी आहे.

२. वेदनेचे शब्द

परिचर्येतील भाषाव्यवहाराचा दुसरा भाग ऐकण्याचा. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची प्रसिद्ध प्रश्नावली सिद्ध केली. तीत इंग्रजीतील ७८ वेदनावाचक शब्द २० गटांत मांडलेले आहेत. वेदनेचे वर्णन रुग्णाच्या शब्दांत घेतले तर त्यातून तिचे स्वरूप कळते, ही त्यामागील भूमिका. मराठीपुरते पाहिले तर हे धन आपल्या दारात पडलेले आहे. ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, मुरडा, पेटका, रग, आग, जळजळ, भगभग, चुरचुर, सल हे सारे शब्द सामान्य माणसाच्या तोंडी आहेत आणि त्यांतील एकही दुसऱ्याचा नुसता पर्याय नाही. गळू पिकते तेव्हा ते ठसठसते. त्वचा खरचटते तेव्हा ती चुरचुरते. चमक क्षणात येऊन जाते.

विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या नामांबरोबर येणारी क्रियापदेही अर्थवाहक आहेत. कळ ‘येते’ आणि जाते, ठणका ‘लागतो’, चमक ‘निघते’, मुरडा ‘मारतो’. वेदना एकसारखी आहे की थांबून थांबून होते, हे रुग्ण न विचारताच सांगून जातो. ‘छातीत चमक निघते’ आणि ‘छातीवर कोणी दडपण ठेवल्यासारखे वाटते’ या दोन तक्रारींचे वैद्यकीय मोल सारखे नाही. मात्र केसपेपरवर दोन्हींच्या जागी ‘छातीत वेदना’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द आणि शून्य ते दहांमधील एक आकडा लिहिला जातो. आकड्याने तीव्रता कळते. जात कळत नाही. सातत्यशिक्षणाच्या तासांत वेदनामापनाची पट्टी शिकवली जाते, ते योग्यच आहे. पण रुग्णाचा शब्द जसाच्या तसा अवतरणात टिपून ठेवण्याची सवय तितक्याच आग्रहाने लावली पाहिजे.

३. आकड्यांचा उच्चार

तिसरा मुद्दा वरवर क्षुल्लक वाटेल, पण तो सर्वांत निकडीचा आहे. मराठीत एकवीसपासून पुढच्या संख्यावाचकांत एकक आधी येतो आणि दशक मागून येतो. ऐंशी आणि नव्वद यांच्या मालिकांत तर पूर्वार्ध अगदी एकच असतो : ब्याऐंशी–ब्याण्णव, त्र्याऐंशी–त्र्याण्णव, पंच्याऐंशी–पंच्याण्णव, अठ्ठ्याऐंशी–अठ्ठ्याण्णव. भेद करणारे अक्षर शब्दाच्या शेवटी, म्हणजे गोंगाटात जे प्रथम बुडते त्या जागी, आहे. करोनाच्या साथीत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजण्याचे उपकरण घरोघर पोचले. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा कार्यकर्त्या ते घेऊन हिंडल्या. २०२१ सालच्या केंद्रीय उपचारसूत्रांप्रमाणे ९० ते ९३ हे प्रमाण मध्यम आजाराचे आणि ९० च्या खालचे तीव्र आजाराचे लक्षण मानले जाई. म्हणजे त्र्याण्णव आणि त्र्याऐंशी यांमधील अंतर हे वॉर्ड आणि अतिदक्षता विभाग यांमधील अंतर होते. आणि हे आकडे बहुधा दूरध्वनीवरून सांगितले जात.

इंग्रजीत आकडे सांगितल्याने हा धोका टळतो असे नाही. तेथे ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांचा घोटाळा सर्वश्रुत आहे. उपाय साधा आहे : आकडा सुटा उच्चारावा आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा. ‘त्र्याण्णव, नऊ–तीन’ असे म्हटले की शंका उरत नाही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे संख्यावाचन सुचवले गेले, तेव्हा मोठा वाद माजला. शाळेत काय असावे हा वेगळा प्रश्न आहे. रुग्णालयात मात्र भाषेच्या सौंदर्यापेक्षा श्रवणाची निश्चिती अधिक मोलाची आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण दिसत नाही.

४. विचारणे आणि समजले की नाही हे पाहणे

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या सुमारास परिचर्येविषयी लिहिलेल्या पुस्तकात रुग्णाला प्रश्न कसे विचारू नयेत याची चिकित्सा केली आहे. रात्र बरी गेली ना, असे विचारल्याने काहीच कळत नाही. किती तास आणि कोणत्या वेळी झोप लागली, हे विचारावे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. आपल्याकडील ‘काही त्रास नाही ना?’ आणि ‘कळलं ना?’ हे दोन प्रश्न याच जातीचे आहेत. ‘ना’ या निपाताने उत्तर आधीच ठरवून टाकलेले असते. भिडस्त रुग्ण मान हलवतो. ‘घरी गेल्यावर हे औषध कसं द्याल, ते मला सांगा बरं’ असे म्हटल्यास समज आणि गैरसमज दोन्ही उघडे पडतात. ही कौशल्ये स्वभावाची मानली जातात. वस्तुतः ती वाक्यरचनेची आहेत, आणि म्हणून शिकवता येण्याजोगी आहेत.

५. दोन दाखले आणि एक शंका

हे शिकवता येते याचा पुरावा महाराष्ट्राबाहेर शोधावा लागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे जे काम सुरू केले, त्यात गावोगावच्या स्त्रिया, त्यांतील पुष्कळशा निरक्षर, पुन्हा पुन्हा एकत्र येत, आपापल्या गावातील प्रसंग सांगत आणि त्यांवरून शिकत. तेथे शिक्षणाची भाषा आणि कामाची भाषा एकच होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बालन्यूमोनियावर काम करताना साठापर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी मण्यांचे साधन तयार केले : दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. शिकणारीला मोजता येत नाही म्हणून तिला वगळले नाही. मोजणी तिच्या हाताला जुळवून घेतली. तेथीलच ३९ गावांत गावच्या प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, हा १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सुपरिचित आहे. या यशाचे श्रेय केवळ भाषेला देणे अतिशयोक्त होईल. पण परक्या भाषेतील शिक्षणाने ते साधले नसते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

येथे एक शंका संभवते. मुंबई–पुण्याच्या रुग्णालयांत केरळातून आलेल्या परिचारिका मोठ्या संख्येने आहेत, गडचिरोलीत रुग्णाची भाषा गोंडी किंवा माडिया असते, खानदेशात अहिराणी. मग मराठीचा आग्रह हा दुसऱ्या एका परक्या भाषेचाच आग्रह ठरणार नाही काय? शंका रास्त आहे, आणि तिच्यामुळे आमचे प्रतिपाद्य दुर्बल होत नाही, उलट दृढ होते. आग्रह अमुक भाषेचा नसून रुग्णाच्या भाषेतील वाक्यांचा आहे. मल्याळी परिचारिकेला मराठीचे व्याकरण नको असते. वेदनेचे पंधरा शब्द, दहा प्रश्न आणि आदरार्थी ‘तुम्ही’ एवढे तिला हवे असते. भामरागडला काम करणाऱ्या मराठी परिचारिकेला माडियाचे तेवढेच हवे असते. विज्ञानाची संज्ञा इंग्रजी राहिली तरी बिघडत नाही; वाक्य रुग्णाचे असले पाहिजे.

६. निष्कर्ष

सारांश, सातत्यशिक्षणाच्या प्रत्येक विषयाबरोबर तीन गोष्टी जोडल्या जाव्यात : त्या विषयात रुग्णाला विचारावयाच्या आणि सांगावयाच्या वाक्यांचा तोंडी सराव, त्या त्या जिल्ह्यातील रुग्णांच्या तक्रारींचे शब्द टिपलेली, दर वर्षी वाढत जाणारी यादी, आणि आकडे सुटे उच्चारून परत म्हणवून घेण्याचा नियम. यांपैकी एकीलाही मोठा खर्च नाही. भाषाविभागांनी त्यात हात घालावा, कारण शब्द गोळा करण्याचे आणि वाक्ये पारखण्याचे शिक्षण त्यांच्याकडे आहे, आणि बोलींच्या पाहणीला याहून उपयुक्त क्षेत्र मिळणे कठीण. १५० तास भरले की नाही हे हजेरीपटावरून कळते. त्या तासांचे फळ रुग्णापर्यंत पोचले की नाही, हे मात्र घरी परतलेली बाळंतीण आपल्या सासूला काय सांगते, यावरूनच ठरेल.