कोड एडिटरची घडण : आवड आणि अक्षर

संगणकावर आज्ञावली लिहिण्यासाठी जी साधने वापरली जातात त्यांना कोड एडिटर म्हणतात. ही साधने वापरणाऱ्याच्या इच्छेनुसार बदलून घेता येतात, हे त्यांचे वैशिष्ट्य आरंभापासून सांगितले जात आले आहे. १९७६ साली निर्माण झालेला ईमॅक्स आणि त्याच वर्षीचा व्हीआय यांपासून २०१५ साली मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडपर्यंत एडिटरच्या अशा सोयींना सहसा 'आवडीनिवडी' असे नाव दिले जाते. प्रस्तुत विवेचनाचा रोख या नावावर आहे. मराठी मजकूर हाताळणाऱ्याच्या दृष्टीने यांतील कितीतरी गोष्टी आवडीच्या नसून व्याकरणाच्या आहेत, आणि हा भेद न केल्यामुळे अभ्यासात चुका शिरतात.

एडिटरच्या मूळ घडणीत तरी निखळ विचार किती आणि योगायोग किती, हे आधी पाहिले पाहिजे. व्हीआयमध्ये कर्सर डावीकडे, खाली, वर व उजवीकडे नेण्यासाठी एच, जे, के आणि एल या कळा योजल्या आहेत. त्याचे कारण एवढेच की, बिल जॉय यांनी तो ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिला त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते. यंत्र गेले, परंतु संकेत राहिला. भाषेच्या इतिहासात अशी उदाहरणे विपुल असल्याने भाषाभ्यासकाला त्यात नवल वाटू नये.

आता सोलापुरातील एखादा पदव्युत्तर विद्यार्थी कल्पनेत आणावा. तो मराठी शब्दसंग्रह तयार करीत आहे, वर्गात त्याच्या शेजारी तेलुगू आणि कन्नड घरांतील मुले आहेत, आणि १९९१ च्या भारतीय मानकातील इनस्क्रिप्ट कळफलक त्याने सुरू केला आहे. या कळफलकावर त्या चार कळांवर अनुक्रमे प, र, क आणि त ही अक्षरे येतात. व्हीआयचा वंशज असलेल्या व्हिममध्ये तो लिहिण्याचे थांबवून आज्ञा देऊ पाहतो, तेव्हा आज्ञेऐवजी 'र' किंवा 'क' पोहोचतो आणि एडिटर स्तब्ध राहतो. यावर 'लँगमॅप' नावाचा उपाय आहे. परकीय अक्षर आले तर ते मूळ कळेचे समजावे, असे त्यात एकेक जोडी लिहून सांगता येते. ईमॅक्सची वाट वेगळी आहे. जपानमधील 'मूल' प्रकल्पातील बहुभाषिक व्यवस्था १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत अंतर्भूत झाली. त्यामुळे लेखनपद्धती एडिटरच्या आतच बसली आणि आज्ञांच्या कळा तिच्यापासून अबाधित राहिल्या. हे ज्यांनी केले त्यांना स्वतःच्या भाषेत लिहावयाचे होते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड मागावर नक्षी बदलावयाची तर छिद्रांच्या पुठ्ठ्यांची माळ बदलतात, माग तोच राहतो. सेटिंगची फाइल ही जवळजवळ अशीच माळ आहे. परंतु ताण्याचे धागे किती आणि कसे लावले आहेत, हे माळ बदलून बदलत नाही. एडिटरमध्ये हे ताण्याचे स्थान अक्षराच्या कल्पनेला आहे.

'स्त्री' हे वाचणाऱ्याला एक अक्षर आहे, तर यंत्राच्या साठवणीत ते सहा चिन्हांचे आहे. 'महाराष्ट्र' या शब्दात अक्षरे चार आणि चिन्हे दहा. मग पुसण्याची कळ एकदा दाबली असता काय जावे? व्हिममध्ये यासाठी 'डेलकंबाइन' हे सेटिंग आहे. ते बंद असता व्यंजनाला जोडलेले चिन्ह व्यंजनासह जाते आणि चालू केले असता चिन्ह वेगळे पुसता येते. मुळात ते बंदच असते. 'गुरु' लिहून गेलेल्या विद्यार्थ्याला मराठीच्या नियमाप्रमाणे 'गुरू' करावयाचे असेल, तर त्याला केवळ उकार बदलावयाचा असतो. त्यासाठी र पुन्हा लिहावयास लावणे हा अन्याय नसला तरी अडाणीपणा आहे. उलटपक्षी कर्सर पुढे सरकताना मात्र त्याने अक्षराच्या मध्ये थांबू नये. पुसणे चिन्हाचे आणि चालणे अक्षराचे, ही वरवर विसंगत वाटणारी व्यवस्थाच मराठी लेखकाच्या अंतर्मनातील व्याकरणाशी जुळते.

जोडाक्षर हे एक एकक आहे, ही मान्यता युनिकोडच्या मजकूर-विभाजनाच्या सामान्य नियमांत २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आली. तोपर्यंत 'क्ष' हा त्या नियमांच्या लेखी दोन तुकड्यांचा होता. त्या नव्या नियमात देवनागरी आणि तेलुगू लिपींचा समावेश झाला, कन्नडचा नव्हता. सोलापूरसारख्या गावात एकाच बाकावर बसणाऱ्या तिघांपैकी दोघांचे अक्षर अखंड आणि तिसऱ्याचे खंडित, अशी ही स्थिती!

याहूनही गंभीर प्रश्न 'र'चा आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन भिन्न शब्द आहेत. दुसऱ्या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो : एकात 'ऱ' या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडतात, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह. युनिकोडने दोन्ही ग्राह्य मानले आहेत आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु साधा शोध घेतला असता एकाने दुसरा सापडत नाही. मराठीत हा र काही अपवादात्मक नाही. 'शेतकऱ्यांना', 'करणाऱ्या', 'जाणाऱ्या' अशा सामान्यरूपांत तो पदोपदी येतो. '-णारा' या धातुसाधिताच्या सामान्यरूपाची वारंवारता मोजणाऱ्याने दोन ठिकाणांहून मजकूर आणला असेल, तर त्याची मोजणी निम्मीही राहू शकते आणि त्याला ते कळणारही नाही.

व्हिज्युअल स्टुडिओ कोडने २०२१ च्या अखेरीस अदृश्य चिन्हांभोवती चौकट काढण्यास आरंभ केला. आज्ञावलीत अशा चिन्हांआडून भलताच अर्थ दडवता येतो, हे त्याच वर्षी केंब्रिजच्या संशोधकांनी दाखविले होते. मराठी मजकुरात या चौकटी डोळ्यांना खुपतात, आणि त्या बंद कराव्यात हा सल्ला सहज सुचणारा आहे. भाषाभ्यासकाने तो मानू नये. परक्या हेतूने काढलेली ती चौकट त्याच्या दृष्टीने जुन्या पद्धतीच्या र वर ठेवलेले बोटच आहे. 'ॲ'विषयीही अशीच दक्षता हवी. या वर्णाला स्वतंत्र संकेत २००८ साली मिळाला. त्यापूर्वीच्या मजकुरात तो 'अ' आणि चंद्र असा जोडून लिहिलेला आढळतो.

फाँटची निवड तेवढी आवडीची आहे, असे कोणी म्हणेल. तेही अर्धेच खरे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला निश्चित केली तेव्हा ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी राखली. यंत्रातील संकेत मात्र दोहोंना एकच आहे, म्हणून वळण कोणते दिसावे हे फाँटवर अवलंबून राहते. रंग, पार्श्वभूमी, अक्षराचा आकार यांत विद्यार्थी तासन्‌तास घालवितात अशी तक्रार अध्यापकवर्गात ऐकू येते, आणि ती निराधार नाही. त्या भागावर अधिक लिहिण्याचे प्रयोजनही नाही.

प्रबंधाच्या पद्धतिविषयक प्रकरणात मजकूर कोठून घेतला हे लिहिले जाते. तो कोणत्या एडिटरमध्ये, कोणत्या कळफलकाने आणि कोणत्या सेटिंगखाली उतरवला, हे क्वचितच लिहिले जाते. र आणि ॲ यांचे एकरूपीकरण मोजणीपूर्वी केले की नंतर, याची नोंद नसेल, तर दोन विद्यार्थ्यांच्या एकाच मजकुरावरील मोजण्यांत पडलेला फरक भाषेचा की यंत्राचा, हे परीक्षकाला ठरविता येत नाही.