जुनं पेडल आणि ‘ओरिजिनल’चा आग्रह

आजचा विषय सायकलचं पेडल आहे हे कळल्यावर एका मित्राने विचारलं, तत्त्वज्ञान सोडलंस की काय? सोडलेलं नाही. जुन्या सायकलींचे शौकीन पेडलची पारख ज्या पद्धतीने करतात, तिच्याशी मला थोडं भांडायचं आहे.

पहिली नजर जाते छापाकडे. नैयायिकांच्या भाषेत हे शब्दप्रमाण. पण शब्द कोणत्या भाषेतला, हे आधी बघावं लागतं. इंग्लिश पेडलवर ‘एल’ आणि ‘आर’ असतं. फ्रेंच पेडलवर ‘जी’ म्हणजे डावं आणि ‘डी’ म्हणजे उजवं. मराठी माणूस ‘डी’ बघून ‘डावं’ म्हणाला आणि जोर लावून ते डावीकडे बसवायला गेला, की क्रँकचे आटे गेलेच म्हणून समजा!

म्हणून छापानंतर आटे मोजावेत. इंग्लिश पेडलच्या दांड्याचा व्यास ९/१६ इंच, आणि एका इंचात २० आटे. जुन्या फ्रेंच पेडलचा १४ मिलिमीटर, म्हणजे केसभर बारीक. ते इंग्लिश क्रँकमध्ये जातं, बसल्यासारखं वाटतं, पण ढिलं राहतं आणि हळूहळू आटे खातं. बसलं म्हणजे जुळलं, हे अनुमान इथे चुकतं.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे सायकल दुरुस्त करणारा पोरगाही जाणतो. का, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात, छऱ्यांच्या घर्षणामुळे पेडल सुटू नये म्हणून. नीट विचार करा. या रचनेत ते घर्षण पेडल सोडवण्याच्याच दिशेने काम करतं! खरं कारण वेगळं आहे. पायाचा भार दांड्याच्या भोवती फिरत राहतो, त्यामुळे दांडा आपल्या भोकात अगदी सूक्ष्म गडगडतो, आणि तो घट्ट होण्याच्या दिशेने. उत्तर बरोबर आणि कारण चूक, असं परीक्षेच्या पेपरात मी आयुष्यभर पाहिलं. इथेही तेच आहे.

आता अवस्था. पेडल काढून दांडा बोटांनी फिरवा. खरखर लागली तर कोन, कप किंवा छरे झिजलेत. टोक गरगर डोलत असेल तर दांडा वाकलाय. टोपीखाली नट असेल तर पेडल उघडतं, छरे बदलता येतात. सगळं रिव्हेट केलेलं असेल तर ती सोय नाही. वरचं क्रोम कितीही चकाकलं तरी यातलं काहीच दिसत नाही.

माझ्या वडिलांची इंग्लंडहून आलेली सायकल होती. ती बघायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, “डावं पेडल ओरिजिनल नाही, किंमत निम्मी.” मी विचारलं, डावंच का बदललं असेल? त्यांनी खांदे उडवले. वडील धोतर सावरत डावा पाय पेडलवर ठेवायचे, दोन-चार ढांगा टाकायचे आणि मग टांग मारायचे. अख्ख्या देहाचा भार रोज त्या एका पेडलवर. ते वाकलं, त्यांनी बाजारातलं देशी घातलं, आणि त्यावर पुढची कितीतरी वर्षं शाळेत शिकवायला गेले.

मिलिंद राजाला नागसेनाने विचारलं होतं, रथ म्हणजे नेमकं काय, चाक की आस? संग्राहकाचं उत्तर असतं, कारखान्यातून निघाला त्या दिवशीचा रथ. मला हे उत्तर अपुरं वाटतं. कंपनीचा इतिहास लिहिताना मूळ सुटा भाग मोलाचा आहे, ते मी नाकारत नाही. मात्र न वापरलेली सायकल आणि वापरून दुरुस्त केलेली सायकल यांतली दुसरी खोटी ठरत नाही. बदललेलं पेडलही पुरावाच आहे, फक्त तो कारखान्याबद्दल नसून माणसाबद्दल आहे.

सायकल मी विकली नाही. पुढच्या वेळी जुनी सायकल बघाल तेव्हा दोन्ही पेडल्स सारखी आहेत का, एवढंच बघून थांबू नका. सारखी नसतील तर घरच्यांना कारण विचारा.