रक्ताचा दाखला

दलित चळवळीने ह्या देशातल्या ज्ञानव्यवहाराला विचारलेला पहिला प्रश्न पुराव्याचा होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त पुराणांची झडती घेतली, ती हे कोणी रचले आणि त्यात रचणाऱ्याचा लाभ कोणता, असे विचारून. बाबासाहेबांनी तीच झडती पुढे धर्मशास्त्राची, इतिहासाची आणि मानववंशशास्त्राची घेतली. असा वारसा असलेल्या चळवळीच्या बैठकांत आज विज्ञानाचे नाव घेऊन काय बोलले जाते, आणि अध्यक्षस्थानी बसलेला माणूस ते कसे चालू देतो, ह्याची समीक्षा झाली पाहिजे. पुस्तकांची समीक्षा आपण करतो, चर्चांची करत नाही. वास्तविक आपल्या बहुसंख्य माणसांपर्यंत विचार पोचतो तो चर्चेतूनच.

मी मोडनिंबला राहतो. माढा तालुक्यातले, पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे हे गाव. विहाराला लागून असलेल्या खोलीत महिन्यातून एकदा आम्ही बसतो. पंधरावीस माणसे असतात. प्राथमिक शिक्षक, पुण्याला स्पर्धापरीक्षेच्या नादाने जाऊन परत आलेली मुले, शेतमजुरीला जाणाऱ्या दोनतीन बाया, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. मराठा आणि लिंगायत घरांतले काही मित्रही येतात. त्यांनी यावे असा माझा आग्रह असतो, कारण आपापसांत सगळेच शूर असतात. मी विज्ञान शिकवलेला मास्तर म्हणून चर्चा चालवण्याचे काम माझ्याकडे आलेले आहे.

गेल्या काही वर्षांत ह्या खोलीत सर्वांत जास्त वेळा आलेला विषय म्हणजे डीएनए. विषय नेहमी एकाच वाक्याने सुरू होतो: "ब्राह्मण परदेशी आहेत हे विज्ञानाने सिद्ध झालंय." सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर मांडलेल्या पुस्तकांच्या ढिगात ह्या वाक्याच्या पुस्तिका मिळतात. अशीच एक घेऊन आलेला एक हुशार मुलगा तावातावाने बोलत होता. मी त्याला विचारले, "बाळा, रक्त कुणाकुणाचं तपासलं?" तो म्हणाला, "सर, तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे?" टाळ्या पडल्या. प्रश्नाला उत्तर मिळाले नाही आणि तरीही सभेत बाजी मारली गेली. आपल्या चर्चांचे दुखणे एवढ्यात सगळे आले. मग मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, "माझं रगत तर कुनी न्हेलं न्हाई. मग माझं कसं काय ठरलं?" मावशींचे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे. त्या खोलीत त्या दिवशी विज्ञानाच्या पद्धतीने बोललेले माणूस त्या एकट्या होत्या.

पुस्तिकेच्या मागे जो अभ्यास उभा आहे तो खरा आहे. मायकेल बामशाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००१ साली 'जीनोम रिसर्च' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. नमुने होते आंध्रातल्या विशाखापट्टणम जिल्ह्यातल्या आठ जातींतील सुमारे अडीचशे पुरुषांचे. निष्कर्ष थोडक्यात असा की, आईकडून येणारा वारसा पाहिला तर सर्वच जाती आशियाई लोकांना जवळच्या दिसतात, आणि बापाकडून येणाऱ्या वाय गुणसूत्राचा वारसा पाहिला तर वरच्या जाती युरोपीय लोकांकडे अधिक झुकलेल्या दिसतात. हा झुकाव आहे, कमी-अधिक प्रमाण आहे. 'हे देशी आणि ते परदेशी' अशी रेघ त्या अभ्यासात कोठेही मारलेली नाही. विशाखापट्टणमच्या अडीचशे पुरुषांवरून सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या घराचे मूळ सांगायचे म्हणजे शेजारच्या तालुक्यातल्या पावसावरून आपल्या विहिरीचे पाणी मोजण्यासारखे आहे.

पण मला त्याहून गंभीर वाटते ते दुसरेच. आर्य बाहेरून आले आणि त्यांनी इथल्यांना दास केले, हे मत फुल्यांनी उचलून धरले होते. बाबासाहेबांनी १९४६च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' ह्या ग्रंथात आर्य नावाचा वेगळा वंश होता आणि तो बाहेरून चालून आला, ही कल्पनाच नाकारली. आपले दोन गुरू ह्या प्रश्नावर दोन टोकांना आहेत! तेव्हा निष्ठेने हा प्रश्न सुटणे शक्य नाही. एकाचा फोटो वर धरून दुसऱ्याला गप्प बसवायचे काय? पुस्तिकावाले दोन्ही फोटो मुखपृष्ठावर छापतात आणि आतल्या मजकुरात हा भेद गिळून टाकतात.

बाबासाहेबांनी १९४८च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' ह्या ग्रंथात हा वाद कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. त्या काळी डोक्याची आणि नाकाची मापे घेऊन वंश ठरवण्याचे शास्त्र जोरात होते. रिस्ले ह्या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावून दाखवली होती. बाबासाहेबांनी 'हे साहेबाचे कारस्थान आहे' एवढे म्हणून पुस्तक मिटले नाही. त्यांनी डॉ. घुर्यांनी संकलित केलेली मापे घेतली, प्रांतवार लावली आणि दाखवून दिले की पंजाबातल्या अस्पृश्य चुहड्यांची मापे आणि संयुक्त प्रांतातल्या ब्राह्मणांची मापे एकमेकांच्या शेजारी येतात. ह्यात त्यांनी एक अट घातली: मापांचे हे शास्त्र विश्वसनीय असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ह्या 'तर'मध्ये सगळी शिस्त आहे. प्रतिपक्षाची फूटपट्टी घ्यायची, तिचीच मापे खरी मानून चालायचे, आणि ती प्रतिपक्षालाच कशी लागू पडते ते दाखवायचे. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते आपल्या सिद्धान्ताला अखेरचा शब्द मानू नका असेही सांगतात. नाकाच्या मापांवर वंश ठरवणे आज कोणीही शास्त्रज्ञ मानत नाही. म्हणून त्या मापांवर उभा असलेला निष्कर्ष पोथीसारखा जपण्यात अर्थ नाही. पद्धत जपली पाहिजे.

ह्यावर सवर्ण मित्र खूश होतात, असा माझा अनुभव आहे. त्यांच्यापैकी एकाने २०१९ साली वर्तमानपत्राचे कात्रण आणले होते. हरियाणातल्या राखीगढीच्या सांगाड्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता आणि 'आर्य बाहेरून आलेच नाहीत' अशा मथळ्याखाली बातमी होती. मी त्यालाही तोच प्रश्न केला: सांगाडे किती? साठांहून अधिक नमुने तपासल्यावर वाचता येईल असा डीएनए मिळाला तो एका स्त्रीचा. ती हडप्पा संस्कृतीच्या भरभराटीच्या काळातली. तिच्यात मध्य आशियाच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश सापडला नाही. बरोबरच आहे, कारण त्याच सप्टेंबरात 'सायन्स' नियतकालिकात आलेला मोठा अभ्यास सांगतो की हा अंश भारतात आला तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात, म्हणजे ती बाई मेल्यावर कित्येक शतकांनी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे ह्या दोन्ही निबंधांच्या लेखकांत आहेत. आमच्या मोडनिंब स्टेशनावरून बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी धावत होती त्या काळचे तिकीट दाखवून 'इथे ब्रॉडगेज कधी आलीच नाही' असे कोणी म्हणाले तर रेल्वेतले आमचे निवृत्त गृहस्थ त्याला हसतील. ते कात्रण वाचताना मात्र खोलीत कोणी हसले नाही.

मग आपण काय म्हणायचे? जे पुराव्यात आहे ते. बाहेरून लोक आले, एकदा नव्हे अनेकदा आले. ह्या बाबतीत बाबासाहेबांच्या मताला आजच्या पुराव्याने दुरुस्ती लागते, आणि ती करण्याने त्यांचा अवमान होत नाही. परंतु आलेले लोक इथल्यांत मिसळले. हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संस्थेतले आणि अमेरिकेतले संशोधक ह्यांनी मिळून २००९ आणि २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हे मिश्रण भिल्ल, चांभार अशा समूहांतही आढळले आहे. शुद्ध रक्त कोणाकडेच नाही. २०१३च्या अभ्यासाने ह्या मिश्रणाचा काळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा धरला आणि त्यानंतर समूहांनी आपापसांतच लग्ने करण्याचा काळ सुरू झाला असे म्हटले.

हा शेवटचा मुद्दा पुस्तिकेत नसतो. तो तर आपल्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आहे! ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी मांडले होते की इथले लोक मिश्र आहेत, आणि जातीचे मर्म वंशात नसून जातीबाहेर लग्न न करण्यात आहे. बहिर्विवाहाच्या चालीवर अंतर्विवाह लादला गेला आणि त्यातून जात बंद झाली. डीएनए तपासून वारसा पाहण्याचे शास्त्र जन्मालाही आले नव्हते तेव्हा केवळ विवाहाचे नियम, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ह्यांच्या तर्कशुद्ध मांडणीतून ते इथवर पोचले. जात ही माणसांनी केव्हातरी बंद केलेली दारे आहेत. बंद केलेली दारे उघडता येतात. रक्त उघडता येत नाही. 'ते परदेशी' म्हणणारा आपला मुलगा नकळत कबूल करतो की माणसाचा हक्क रक्तावर ठरतो. उद्या शिक्षकांच्या खोलीत कोणी 'गुणवत्ता रक्तात असते, राखीव जागांनी येत नाही' असे म्हणाला, तर ह्या मुलाकडे उत्तर काय उरले? १९३६च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी जातीमुळे वंश सुधारतो म्हणणाऱ्यांचा समाचार घेतला आहे. तो मुद्दा हातात ठेवायचा की रक्ताचा दाखला, हे निवडावे लागेल. दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

आता अध्यक्षाकडे येतो. आपल्याकडे चर्चेच्या अध्यक्षाला हार घालतात, आणि हार गळ्यात पडला की त्याला सर्वांचे समाधान करण्याची इच्छा होते. दोन्ही बाजूंनी मोलाचे विचार मांडले, शेवटी ज्याचे त्याचे मत, असे म्हणून तो चहा मागवतो. ह्याला समतोल म्हणतात. ज्याने पुरावा आणला आणि ज्याने आणला नाही त्या दोघांना सारखेच माप घालण्यात कसला समतोल? बलवानाच्या आणि दुर्बलाच्या मधोमध उभे राहणाऱ्या असल्या तटस्थांना आपण गावगाड्यात चांगले ओळखतो. दुसऱ्या प्रकारचा अध्यक्ष कार्यकर्ता असतो. तो समोरच्याची जात पाहून त्याचा मुद्दा तपासतो. त्याच्या सभेत वाद लवकर मिटतात, कारण वेगळे बोलणारा पुढच्या वेळी येत नाही. (कालाम सुत्ताचा हवाला देऊन भाषण संपवणारेही पुष्कळ आहेत. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे ते ग्रंथात आहे म्हणून सांगतात.)

अध्यक्षाचे खरे काम चर्चेआधी असते. काय दिसले तर कोणाचे म्हणणे पडले, हे आधी ठरले पाहिजे. महाराष्ट्रात ह्याचा उत्तम नमुना २००८ साली घडला. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे ह्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या पाठवून कोणती कोणाची ते सांगा म्हटले. चाळीसांपैकी निदान २८ बरोबर आल्या तर यश, हे आधीच ठरवलेले. उत्तरे २७ ज्योतिषांनी पाठवली. सर्वांत वर गेला तो २४वर थांबला, आणि एकूण निकाल नाणेफेकीच्या पुढे गेला नाही. कोणाचा अपमान नाही, श्रद्धेची टवाळी नाही. 'तुम्हीच सांगता ना ओळखता येते? मग ओळखा,' एवढेच. ह्या चौघांपैकी दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. शांतपणे पुरावा मागणाऱ्याची भीती किती मोठी असते ते त्या दिवशी महाराष्ट्राला कळले.

आमच्या खोलीत मी दोन गोष्टींचा हट्ट धरतो. बोलणाऱ्याने आधीच्याचे म्हणणे त्याची मान हलेपर्यंत सांगायचे आणि मगच खोडायचे. आणि शास्त्राचा दाखला देणाऱ्याने नमुने किती, कोठले, केव्हाचे हे सांगायचे. ह्याने सभा रटाळ होते, हे मान्य आहे. टाळ्या कमी पडतात. सर, तुम्ही पोरांचा जोष मारता, असे एका जुन्या कार्यकर्त्याने मला तोंडावर सांगितले. माणूस खस्ता खाल्लेला आहे, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेला; त्यांचे म्हणणे मी हलके धरत नाही. रस्त्यावरच्या लढ्याला घोषणा लागते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण घोषणा मागणी सांगते, पुरावा सांगत नाही. 'पाणी आमच्या हक्काचे' ह्या मागणीला १९२७ साली महाडला कोणाचे रक्त तपासण्याची गरज पडली नव्हती.

पुस्तिका लिहिणाऱ्यांशी माझे भांडण नाही. कागदाचे भाव आणि विक्रीची दगदग मला माहीत आहे. पुढच्या आवृत्तीत त्यांनी विशाखापट्टणमचे नाव आणि नमुन्यांचा आकडा पहिल्या पानावर छापावा, आणि शेवटच्या पानावर १९१६च्या निबंधाचा सारांश द्यावा. त्या पुस्तिकेच्या शंभर प्रती आमची खोली विकत घेईल.